मोबाइलची उत्तरपूजा

कंपनीने बाबांच्या मोबाइलला वाऱ्यावर सोडलं, तरी बाबांनी त्याला सोडलं नाही. गुडघे गेल्यापासून त्यांचं पौरोहित्य अमरावतीच्या घरात बसूनच चालतं. अकोल्याचे यजमान तिकडे चौरंग मांडतात, बाबा इकडून मंत्र म्हणतात आणि मधेच ‘पाणी ताम्हनात सोडा, फरशीवर नाही’ असं खेकसतात. त्या व्हिडिओ कॉलच्या ॲपने एके दिवशी बजावलं की, तुमचा फोन जुना झाला, पुढच्या महिन्यापासून मी त्यावर चालणार नाही. म्हणजे बाबांचं कामच संपलं. काम नसलं की बाबा आजारी पडतात, हे मी पाहिलेलं आहे.

नवा फोन घ्यायला ते तयार नव्हते. या फोनची ते दर दसऱ्याला पूजा करत. हळदकुंकू आत जाऊन जाऊन त्याचा आवाज घोगरा झाला होता. शेवटी मी नेटवर शोधलं. असल्या सोडून दिलेल्या फोनांसाठी जगभरचे हौशी लोक नवी सिस्टिम बनवतात आणि फुकट देतात. टाकताना चूक झाली तर फोन कायमचा बंद, आणि नीट झालं तरी आतलं आधीचं सगळं पुसलं जातं. हे सगळं मी बाबांना खरंखरं सांगितलं आणि तिथेच फसले.

“बनवलं कोनं?”

“लोकांनी. कोणी ब्राझीलचा, कोणी पोलंडचा.”

“पैसे किती घेतात?”

“नाही घेत, बाबा.”

बाबा चपापले. “दक्षिणा नाही घेत, त मंग फळ कसं भेटन? तूच सांग मले.”

बरेच दिवस यावरच गाडी अडली. पूजेला बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी मांडतात. बाबांनी त्या कधीही न पाहिलेल्या लोकांच्या जागी एक सुपारी मांडली, तिच्यापुढे दक्षिणा ठेवली आणि मोकळे झाले. राहिला पुसण्याचा प्रश्न. पूजलेली वस्तू अशी कशी पुसायची? मग गणपतीची करतात तशी फोनची उत्तरपूजा झाली. अक्षता वाहून त्यांनी तो जरासा हलवला.

“आता माती हाय. कर काय करायचं थे.”

मी जीव मुठीत धरून बटण दाबलं. फोन चालू झाला, ॲप चाललं, आधीच कॉम्प्युटरवर जपून ठेवलेले फोटोही परत आले. मी घरभर मिरवले.

रविवारी अकोल्याचा सत्यनारायण होता. मी भाजी घेऊन परतले तर बाबा सोवळं नेसून फोनसमोर बसलेले, चेहरा उतरलेला.

“यजमान फोनच करून नाही राह्यले. कोनतरी फालतू मानूस सारखा लावून राह्यला. मी कापून राह्यलो, लाइन मोकळी राह्यली पायजे म्हणून.”

मी पाहिलं. स्क्रीनवर नुसता नंबर, नाव नाही. फोटो आले होते, नावं आली नव्हती. आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे बाबांना मीच घोकून घोकून शिकवलं होतं.

“आपल्याले आता कोनी बोलावत नाही वाटते,” बाबा हळूच म्हणाले.

मी तोच नंबर लावला. तिकडे नवरा-बायको गाठ बांधून पाटावर बसलेले, शिरा केव्हाचा थंड झालेला. बाबा दिसताच यजमानांनी हात जोडले.

“गुरुजी, आमचं काई चुकलं का?”