साखळी मी सोडली होती

गेल्या वर्षी चंपाषष्ठीला आमच्या अंगणात जे घडले, त्याच्या निदान तीन आवृत्त्या आज गावात फिरत आहेत. पहिली अशी, की तळी उचलताना येळकोटाचा गजर होताच आमच्या सरदाराच्या गळ्यातली साखळी आपोआप गळून पडली. दुसरी अशी, की तो लंगडा कुत्रा त्या क्षणी चार पायांवर उभा राहून देवाकडे धावला. तिसरी आमचे शेजारी तानाजीराव सांगतात. त्यांच्या मते त्या दिवशी आलेला मेंढपाळ हा माणूस नव्हताच, प्रत्यक्ष पालीचा मल्हारी घोंगडी पांघरून आला होता. तानाजीराव माझ्याहून वयाने लहान आहेत आणि त्या दिवशी माझ्या डाव्या हाताला उभे होते. त्यांना सगळे स्वच्छ दिसले असणार. तरीही ते असे सांगतात, म्हणून हे लिहिणे भाग पडले. साखळी आपोआप गळली नाही. ती मी सोडली होती.

सरदार हा आमचा कुत्रा. बाप जर्मन शेफर्ड, आई इकडचीच शिकारी कारवानी. वजन बेचाळीस किलो. मुलगा माझ्याप्रमाणेच सैन्यात आहे. त्याने सुट्टीवर येताना हे पिल्लू आणले आणि 'आबा, तुम्हाला सोबत' असे म्हणून माझ्या ओटीत टाकून तो पुन्हा सीमेवर निघून गेला. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून पहाटे पाचला उसाच्या रानात चक्कर मारण्याचा माझा नेम आहे, आणि सात वर्षे हा प्राणी त्या चकरेत माझ्या चार पावले पुढे राहिला. मी काठी उचलली, की तो दारात उभा असे. याच उत्साहात दिवाळीपूर्वी त्याने एका रानडुकरामागे पाटावरून उडी घेतली आणि मागच्या उजव्या पायाचा गुडघा निकामी करून घेतला.

सांगलीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून सांगितले, की गुडघा धरून ठेवणारा दोर आतून तुटला आहे. हाड कापून, त्याचा कोन बदलून, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतील. शस्त्रक्रिया चांगली झाली. खरी शिक्षा पुढे होती. दोन महिने पळणे नाही, उडी नाही, पायरी नाही, गुळगुळीत फरशी नाही. लघवीपुरते पट्ट्याला धरून, पोटाखाली टॉवेलचा झोळ देऊन, पाच मिनिटे बाहेर. बाकी वेळ चार फुटांच्या जागेत बसून राहायचे. बाईंनी हे मला शांतपणे समजावून सांगितले. मी त्यांना सांगितले, की अठ्ठावीस वर्षे मी माणसे शिस्तीत ठेवली आहेत, एक कुत्रा मला जड नाही.

तो जड गेला. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कर्णा त्याने दुसऱ्याच दिवशी पडवीच्या खांबावर आपटून फोडला. नवा आणला, तो चावून ठेवला. सूनबाई स्मिता, वाईची मुलगी, शिकलेली आणि कमी बोलणारी, गोळी लोण्यात घालून द्यायची. तो लोणी गिळून गोळी जिभेच्या टोकाने बाहेर ठेवायचा, अगदी माझ्या पायाजवळ. मी खाकरलो तरी उठायचा. मी जोडे घातले तर भुंकून साखळी ताणायचा. मी त्याला दम दिला, हात जोडले, पाठ फिरवून बसलो. एका सकाळी तर, सांगायला लाज वाटते, देवघरात जाऊन मी खंडोबालाही सुनावले, की तुझे वाहन तुझे तू सांभाळ, माझ्याच्याने होत नाही. नवस बोललो नाही. देवाशी सौदा करणे माझ्या स्वभावात नाही. पण तक्रार केली, आणि ती सुभेदाराच्या आवाजात केली.

तीन आठवडे असे गेले आणि चंपाषष्ठी आली. आमच्या घरी त्या दिवशी पाच पुरुष ताटाला हात लावून तळी उचलतात, 'सदानंदाचा येळकोट' म्हणून तीनदा ललकारी देतात, भंडारा उधळतात. मग वांग्याचे भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा पहिला घास कुत्र्याला देतात, कारण तो देवाचा. सरदार पिल्लू होता तेव्हापासून ही ललकारी म्हणजे त्याच्यासाठी जेवणाची हाक. घरात कुठेही असला तरी तो ताटाशी हजर व्हायचा, आणि आम्ही सगळे त्याचे कौतुक करायचो.

स्मिताने सकाळीच सुचवले होते, की यंदा ललकारी हळू द्यावी, किंवा सरदाराला मागच्या खोलीत ठेवावे. मी म्हणालो, देवाचे नाव हळू घ्यायला आपण काही चोर नाही. पुढे त्याहून मोठा मूर्खपणा केला. तळीची तयारी झाली तेव्हा सरदार ओट्यावर डोळे मिटून पडला होता. त्याच्या गळ्यातली साखळी पाहून माझ्या मनाला बोचले. देवाचे वाहन बेडीत, आणि आपण देवाला हाका मारतो? हे मला सहन झाले नाही. कुणाला न सांगता मी वाकलो आणि हूक काढला. तो झोपला आहे, असे मी स्वतःला सांगितले.

पहिल्या ललकारीला तो उठला आणि दुसरीला त्याने ओट्यावरून उडी घेतली. तीन फूट उंचीवरून बेचाळीस किलो वजन त्याच पायावर आले. जो आवाज त्याच्या तोंडून निघाला, त्यालाच गावातले लोक आता 'देवाला घातलेली साद' म्हणतात. मी सैन्यात असे आवाज ऐकले आहेत. ती साद नव्हती. तो पुन्हा उठू पाहत होता, पडत होता, पुन्हा उठू पाहत होता, आणि आम्ही पाच पुरुष हळदीने माखलेले हात घेऊन नुसते उभे होतो.

त्या वेळी फाटकाशी एक मेंढपाळ उभा होता. शेजारच्या सोयाबीन निघालेल्या रानात खतासाठी मेंढरे बसवली होती, त्यांचा हा मालक. वय साधारण माझ्याइतके. भंडारा कपाळाला लावायला आला होता. तो आत आला, खांद्यावरची घोंगडी कुत्र्यावर टाकली आणि स्वतः त्याच्याशेजारी जमिनीवर आडवा झाला. एक हात मानेवर, एक कमरेवर. अनोळखी माणसाला दात दाखवणारा सरदार धापा टाकत निपचित पडला. मी नंतर नाव विचारले. नाव धुळा, गाव आटपाडीच्या पलीकडे, असे तो म्हणाला. तानाजीराव म्हणतात तसा तो काही बोलता बोलता अदृश्य झाला नाही. त्याने चहा बिनसाखरेचा मागितला, कारण त्याला मधुमेह होता. देवाला मधुमेह असल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याच्या मेंढरांच्या लेंड्या त्या रानात आधीचे चार दिवस मी स्वतः पाहिल्या होत्या.

जीप करून आम्ही सांगलीला निघालो. कळप भावावर सोपवून धुळा न बोलावता मागे चढला आणि सरदाराचे डोके मांडीवर घेऊन बसला. मी पुढे बसून ड्रायव्हरच्या चालवण्यात चुका काढत होतो. दवाखान्यात सगळ्यांना वाटले, कुत्रा धुळाचा आहे. तेही मला लागले.

फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की पट्टी जागेवर आहे, पण एक स्क्रू किंचित सैल झाला आहे. आता पुन्हा धक्का बसला तर हाड सरकेल. या वयात दुसरी शस्त्रक्रिया त्या करणार नाहीत. पाय कायमचा जाईल. दोन महिने आजपासून नव्याने मोजायचे. मग त्यांनी विचारले, साखळी सुटली कशी? स्मिता माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, "सूनबाईकडून हूक नीट लागला नसेल." धुळाने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. फाटकातून त्याने माझे वाकणे पाहिले होते, हे मला त्याच क्षणी कळले.

परतीच्या वाटेवर मी चिडून म्हणालो, की आता दोन साखळ्या लावतो, वर दोरखंड बांधतो. मागून धुळा पहिल्यांदा बोलला.

"आवं सुभेदार, कोकराचा पाय मोडला तर आमी कोकरू बांधत न्हाई. त्याची आय बांधतो."

मी विचारले, का?

"आय बसली की ते बसतंय. तुमी सारखं उठताय, मग त्यानं कसं बसायचं? तुमालाच बांधायला पायजे."

ड्रायव्हर हसला. मला राग आला. ज्याला मी तीन आठवडे शिस्त शिकवत होतो, तो प्रत्येक वेळी माझ्याच मागे उठत होता, ही एवढी उघड गोष्ट मला एका परक्या माणसाने, कुत्र्याचे डोके मांडीवर घेऊन, सांगावी लागली. त्या रागाच्या खाली आणखी काही होते. उसाचे तुरे, मागे पडणारी गावे आणि आरशात दिसणारी ती भंडाऱ्याने पिवळी झालेली घोंगडी पाहताना मला एकदम आठवले, की देवघरात मी खंडोबाला काय सुनावले होते. वाहन तुझे तू सांभाळ. त्याने सांभाळायला माणूस पाठवला होता. आणि तो माणूस मलाच बांधायला सांगत होता.

घरी उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. अंगणात शेजारी जमले होते आणि तानाजीराव साखळीच्या चमत्काराची गोष्ट सांगू लागले होते. मी सर्वांसमोर म्हणालो, "साखळी मी सोडली. स्मिताचा दोष नाही." लोकांनी ते नम्रपणा समजून सोडून दिले, म्हणून ती गोष्ट आजही चालू आहे. पण स्मिताने ऐकले.

"मला माहीत होतं, आबा," ती म्हणाली. "हूक मी दोनदा बघितला होता." मग तिने विचारले, चहा टाकू का.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत, सरदाराच्या त्या चार फुटांत घोंगडी अंथरली आणि बसलो. साखळीचे दुसरे टोक माझ्या मनगटाला गुंडाळले. पहाटे पाचला डोळे उघडत. सरदार माझ्याकडे बघे, मी त्याच्याकडे. मी उठत नसे. पहिले चार दिवस मी ज्या मनःस्थितीत काढले तिला भक्ती म्हणता येणार नाही. उसाची तोड माझ्यावाचून आली, माझ्यावाचून गेली. पाणी स्मिताने पाळ्या लावून सोडले आणि एकही वाफा कोरडा राहिला नाही. हे मला फार लागले. पाचव्या दिवशी सरदाराने हनुवटी माझ्या पोटरीवर ठेवली आणि तो दुपारपर्यंत हलला नाही. त्या दुपारी, आयुष्यात पहिल्यांदा, काहीही न मागता आणि कुणाला काहीही न सुनावता माझ्या तोंडून मल्हारीचे नाव आले. आवाज हळू होता. देवाला ऐकू गेला असावा.

दोन महिन्यांनी हाड जुळले. डॉक्टरीणबाईंनी फोटो दोनदा पाहिला आणि विचारले, की एवढे आडदांड जनावर बसवले कसे. मी खरे ते सांगितले. धुळाचा कळप तोवर कधीच पुढे गेला होता. जाताना त्याने चिमूटभर भंडाऱ्याशिवाय काही घेतले नाही. तो देव नव्हता, हे मी पुन्हा सांगतो आणि कुणाशीही वाद घालायला तयार आहे. मात्र त्या दिवशी, त्या क्षणी, त्याला आमच्या फाटकाशी कुणी उभे केले, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. माझ्यासारख्या माणसाने एक प्रश्न वाद न घालता सोडून द्यावा, हेच मला पुरेसे नवल वाटते.

यंदाच्या चंपाषष्ठीला तळीला माझ्या जागी सुट्टीवर आलेला मुलगा उभा राहिला. मी ओट्याखाली सरदाराशेजारी बसलो, साखळी न लावता, हात त्याच्या मानेवर ठेवून. ललकारी नेहमीच्याच खणखणीत आवाजात झाली. त्याचे कान उभे राहिले, अंग थरथरले, आणि त्याने वळून माझ्याकडे पाहिले. मी काठी टेकून सावकाश उठलो. तेव्हा तो उठला. मग आम्ही दोघे, एकमेकांच्या बेताने, चालत ताटापर्यंत गेलो.