लिहून दिलंय

सायलीचा फोन रविवारी संध्याकाळी येतो. टोरंटोत तेव्हा सकाळ असते. एप्रिलमधल्या अशाच एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, इथल्या नागरिकत्वाचं पत्र आलंय. शपथ घ्यायची आणि आपला पासपोर्ट परत द्यायचा. पण तुम्ही हो म्हणालात तरच."

मी हो म्हणालो नाही. उलट सुनावलं, "आपण सात पिढ्या उदगीरकडच्या मातीतले. घरात निजामाची सनद आहे, माहीत आहे ना?"

सनद म्हणजे पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेला एक उर्दू कागद. आजोबांना निजामानं दिलेल्या जमिनीची ती सनद, असं घरात सांगत आले. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं, आपट्याचं पान वाहिलं जातं. वाचता कुणालाच येत नाही. जमीन होती तर गेली कुठं, हे मीही कधी विचारलं नाही. धंद्यात मी समोरच्याचं कोटेशन तीनदा वाचणारा माणूस. पण देवघरातल्या कागदाला कोण प्रश्न विचारतो?

मी ठरवलं, उदगीरला जाऊन सनद वाचून घ्यायची, मराठी करून लेकीला पाठवायची, मग बघू कशी शपथ घेते. बायको म्हणाली, "लातूरला रेल्वेनं पाणी आणायलेत आणि तुम्ही फिरायला निघालात!" माझी बायको अस्सल पुण्याची. 'आणायलेत' हे ती फक्त माझी टिंगल करताना बोलते.

पुण्याहून नांदेडची रात्रीची गाडी पकडा, सकाळी ताजेतवाने उतराल. उन्हाळ्यात जाणार असाल तर माणशी पाच लिटरचा पाण्याचा कॅन सोबत घ्याच. मी थेट लातूरला उतरू शकलो असतो, पण नांदेड चुकवत नाही. इथंच मी मोटार वाइंडिंग शिकलो. पहिल्याच दिवशी तारेचे वेढे मोजताना मी घरच्या सवयीनं सुरुवात केली, "लाभ, एरडू, मूरू, नाल्कू..." उस्तादांनी पक्कड खाली ठेवली. म्हणाले, "अरे, ही मोटार कानडी बोलंल की!" दुकान हसलं. तेव्हापासून मी दुकानात मनात मोजू लागलो, तोंडानं फक्त घरी. पुण्यात आलो तेव्हा 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. पोट भरायला तेवढं पुरलं.

गुरुद्वारात लंगर जेवलो. डाळ-रोटी, मन तृप्त. तिथून बसस्टँड. आत्याचं गाव मुखेडच्या पुढं, आणि मुखेडला जायला दोन वाटा आहेत, एक कंधारवरून, एक नरसीवरून. जी एसटी आधी सुटेल तिच्यात बसा, दोन-अडीच तास धरून चाला. तिकिटाला शंभराची नोट दिली तर सुट्टे परत येतात. उजवीकडची खिडकी सोडा, ऊन भाजून काढतं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं भेगाळून पडलेली. पुलावरून गाडी गेली की सगळे माना वळवून नदीत बघायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. गप्पा मात्र नव्या जिल्ह्याच्या. उदगीर जिल्हा होणार, मग मुखेड त्यात जाणार की नांदेडातच राहणार?

माझ्या पुढच्या बाकावर जळकोटकडचा एक पागोटेवाला बसला होता. तो म्हणाला, "माजा आजा बिदर जिल्ह्याचा. बाप उस्मानाबाद जिल्ह्याचा. मी लातूर जिल्ह्याचा. आता पोरगं म्हनं उदगीर जिल्ह्याचं व्हनार. आन घर? घराचा उंबरा बोटभर हालला न्हाई बगा!"

कंडक्टर म्हणाला, "मामा, मग तिकीट कशाला काढता? बसून ऱ्हावा, मुखेडच येतंय तुमच्याकडं."

मुखेडला आठवडी बाजार होता. स्टँडसमोर ज्वारीची भाकरी, पिठलं आणि असा ठेचा मिळाला की कानातून धूर निघावा. पाण्याचा तांब्या मात्र मागावा लागला. मालकानं तो दागिना द्यावा तसा दिला. तिथून जीपनं जळकोट आणि पुढं आत्याचं गाव.

काशीआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. पंचाऐंशीच्या पुढं वय. गावात नुकताच टँकर येऊन गेला होता आणि ती दारातल्या पिंपातून घागरी भरत होती. मी वाकून पाया पडलो, तरी तिचं तोंड थांबेना. "लाभ, एरडू, मूरू, नाल्कू..." सहाव्या घागरीला म्हणाली, "थांब रं शिवा, चुकलं तर पुना पयल्यापासून मोजावं लागंल."

आमच्या भागात मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. पुढं सगळे दोन, तीन, चार. आमच्याच घरात एरडू, मूरू. लहानपणी मला वाटायचं, धान्य आणि पाणी असंच मोजतात, पैसे वेगळे.

सनद वाचायची म्हटल्यावर आत्यानं नवं लुगडं काढलं. "माज्या बापाची, आप्पाची सनद वाचनार आन म्या घरी बसू? मरायच्या आदी आपली जमीन कुटं व्हती ते तरी कळू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीर. किल्ला बघायचा तर नवाच्या आत बघा, नंतर दगड तापतो. आत उदागीरबाबांची समाधी आहे. आत्यानं तिथं नळकांडं टेकवलं. मग आम्ही मोंढ्यामागच्या गल्लीत गफूर मास्तरांकडं गेलो. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर जुने कागद वाचून देतात, हे मला स्टँडवरच्या रिक्षावाल्यानं सांगितलं. घेतात काय, विचारलं तर म्हणाला, "चहा पाजतेत उलट."

खरंच आधी चहा आला. मग मास्तरांनी चष्मा बदलला, कागदावरचं हळदकुंकू फुंकरीनं हलकेच उडवलं आणि ओळीवर बोट ठेवून पुटपुटत वाचलं. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तयार.

"सनद नव्हे हो ही," ते म्हणाले. "इकरारनामा हाय. मुलकी व्हायचा."

"म्हणजे?"

"निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी पायजे तर मानूस मुलकी पायजे. इथला. भायेरचा असंल, पन लई साल इथं राहिला असंल, तर हे लिहून द्यायचं. आजोबा काय होते?"

"कचेरीत चपराशी," मी म्हणालो.

"हां. मग बरोबर." मास्तर मराठी करून सावकाश सांगू लागले. "मी बसप्पा, वल्द चन्नप्पा, मूळ राहणार विजापूरकडचा, इलाखा इंग्रजी. मी आपल्या पहिल्या मुलखात परत जाण्याचा इरादा सोडला आहे." त्यांचं बोट तळाशी गेलं. "आन ही सही बघा. मला वाटलं, नक्षी हाय. कानडी हाय ही. माजं आजोळ कर्नाटकातलं भालकी, म्हनून वळखतो. ब-स-प्पा."

माझ्या सात पिढ्या एका घोटात तीनवर आल्या. आजोबा, बाप, मी. आणि तो पहिला माणूससुद्धा आपलं नाव कानडीत लिहिणारा, तिकडं इंग्रजांच्या मुलखात जन्मलेला. मी रेकॉर्डिंग बंद केलं. लेकीला अडवायला आणलेल्या कागदानं तिचीच बाजू घेतली होती.

आत्यानं त्या सहीवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "लिवून दिलंय."

"काय आत्या?"

"आप्पा म्हनायचा. आमी ल्हान व्हतो. त्याच्या गावाकडनं मानूस आला, आजी गेली म्हनून. आई म्हनली, जाऊन या. आप्पा म्हनला, कसा जाऊ, लिवून दिलंय म्या. परसात जाऊन बसला पाठमोरा. आमाला वाटलं, जमिनीचं कायतरी लिवून दिलं आसंल."

मास्तरांनी चष्मा काढला. "अरे अम्मा, जाने को कौन मना करता था? तिकडं राहायचा इरादा सोडला, येवढंच लिहिलंय. जाऊन यायला बंदी नव्हती. लोक लग्नाला जायचे, मयताला जायचे, जत्रेला जायचे."

"आप्पाला उर्दू वाचता येत नव्हतं," आत्या म्हणाली.

कुणीतरी त्याला वाचून दाखवलं असणार. त्यानं मान हलवली असणार आणि शब्दाला शब्द धरून आयुष्य काढलं. आईच्या मातीला गेला नाही. घरात कानडी बोलला नाही, पोरांशी, गावाशी सगळं मराठीतच. फक्त माप घेताना जीभ ऐकत नसावी, आणि 'लाभ' मात्र इथलं घेतलं.

निघताना आत्यानं विचारलं, "मास्तर, ते विजापूर कुन्या अंगाला?" त्यांनी गल्लीच्या टोकाकडं हात केला. "गाडी जाती का तितं?"

"जाती की. बिदर, गुलबर्गा, मग पुढं."

"म्हंजे जाता येत व्हतं," ती म्हणाली आणि त्या दिशेला तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. मी तिच्या डोक्यावर पदर धरला. मास्तरांनी चहाचे कप उचलले नाहीत, तसेच थांबले.

आत्याला घरी पोचवून मी लातूर गाठलं. लॉजवर खोली मिळते, आंघोळीला अर्धी बादली. त्यात भागवायची सवय करा. सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला खा, वर शेव आणि लिंबू. स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेतला. मिरजेहून पाणी घेऊन आलेली गाडी लोक वऱ्हाड आल्यासारखे बघून आले होते. मी टपरीवाल्याला म्हणालो, "चहा फक्कड आहे. पाणी मिरजेचं का?"

"पानी परगावचं हाय साहेब," तो म्हणाला, "पन चहा लातूरचाच हाय!"

परतीच्या गाडीत ते वाक्य माझ्या शेजारीच बसून होतं.

रविवारी फोन आला. सायलीनं आडूनच विचारलं, "सनद वाचलीत?"

मी तिला सगळं सांगितलं. इकरारनामा, कानडी सही, परसातली ती पाठ. मग मी म्हणालो, "शपथ घे. लिहून दे काय द्यायचं ते. पण बाई, नीट वाचून दे. आणि मला किंवा आईला काही झालं, तर लिहून दिलंय म्हणून तिकडं पाठमोरी बसू नकोस."

"नाही बसणार," ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "थांबा, इडलीचे तांदूळ भिजवतीय. ही मापं घालायला बसलीय."

ही म्हणजे माझी नात, साडेचार वर्षांची. तिच्या वाटीचा आवाज येत होता.

"लाभ," ती म्हणाली. "एरडू. मूरू. फोर."

"नाल्कू गं," सायली म्हणाली.

"असू दे," मी म्हणालो. माप बरोबर होतं.