राम, मग दोन

पवनीजवळच्या आमच्या कोंढा गावाकडं खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नसे. पहिलं माप रामाचं. पायली धानात खुपसायची, वर आलेली रास हाताच्या कडेनं सपाट करायची आणि पायली पोत्यात रिती होईपर्यंत 'राम, राम, राम' म्हणत राहायचं. मग 'दोन, दोन, दोन'. आकडा तोंडात धरून ठेवला की मोजणारा चुकत नाही. माझे बाबा गावातले मापारी होते. भावाभावांचं पटत नसलं तरी वाटणीच्या वेळी बाबांच्या मापावर दोघंही गप्प बसत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ऐन मळणीत बाबांना ताप भरला. काढे झाले, पवनीहून आणलेल्या गोळ्या झाल्या. ताप डोक्यात शिरला आणि ते आम्हाला ओळखेनासे झाले. आई आणि मी पाळीपाळीनं बसायचो. खळ्यावर धान उघडं पडलेलं. माझा जीव घरात लागेना आणि खळ्यावरही लागेना. एका सकाळी मी मारुतीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "सोडव देवा यातून."

तेवढंच म्हणालो. कुणाला सोडव, कशातून सोडव, ते म्हणालो नाही. बाबांना तापातून, की बाबांना देहातून, की मला त्या खाटेजवळून? आज साठी उलटली तरी हे मला नीट सांगता येत नाही.

त्याच दुपारी बाबांचे ओठ हलले. "राम... राम... राम..."

बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, खाटेपाशी बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "नाव घेतलं त्यानं. भाग्याचा हाये गा. आता खाली घ्या त्याले."

आईनं भुई सारवायला घेतली. तुळशीचं पान टाकलेलं पाणी माझ्या हातात आलं. बाबांना गाडीत घालून पवनीच्या दवाखान्यात न्यायचं सकाळपासून चाललं होतं.

"आता कायले हलवता?" मोठेबाबा म्हणाले. "वाटेत गेला तं बैलाच्या मागं मरन. घरी जाऊ द्या, तोंडात नाव हाये."

मला ते पटलं. फार लवकर पटलं. सकाळी मागितलं आणि दुपारी मिळालं, असं मनात आलं आणि खांदे हलके झाले. त्या हलकेपणाची मला अजून लाज वाटते.

पळी ओठांशी नेली तेव्हा बाबांचा उजवा हात गोधडीवर सरकला. बोटं जुळलेली, तळहाताची कड खाली. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, सावकाश. मग हात थांबला.

"दोन... दोन..."

पळी तशीच राहिली.

"मोठेबाबा, हे नाव नाही घेऊन राहिले. मोजून राहिले."

"तापात बडबडून राहिला तो. तू पानी पाज."

"तीन," बाबा म्हणाले.

शेणानं भरलेल्या हातांनी आई उठली आणि मला म्हणाली, "खळ्यावर धान पडून हाये. काम टाकून हे कुठं गेले हायेत का कदी? गाडी जुंप, बापू."

मोठेबाबा चिडले. "वाटेत काही झालं तं मले नोको सांगू." पण बैल त्यांनीच आणले आणि कासराही त्यांनीच धरला.

गाडीत धानाच्या तणसावर बाबांना निजवलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. खडीच्या रस्त्यानं पाच झाले, सहा झाले. सातावर ते अडकले. सात, सात, सात, मग नुसते ओठ, मग तेही हलेनात. नाकाशी बोट धरलं तर श्वास आहे की वारा, ते कळेना.

"कितीवर हाये?" मागं न बघता मोठेबाबांनी विचारलं.

"सातच."

"मंग तू म्हन ना आठ. मापारी अडकला तं पोतं धरणारा आकडा देते."

मी कानाशी वाकून म्हणालो, "आठ." काही नाही. पुन्हा म्हणालो. देवाला हाक मारावीशी वाटत होती, पण 'सोडव' हा शब्द तोंडात यायला नको म्हणून मी धास्तावलो होतो. दुसरे शब्द सुचेनात. म्हणून आठ, आठ, आठ, एवढंच म्हणत राहिलो. पवनीची देवळं दिसू लागली तेव्हा गोधडीवरचा हात पुन्हा कडेनं सरकला.

"नऊ," बाबा म्हणाले. आवाज असा की जणू मीच उशीर लावला होता.

दवाखान्यात सलाईन लागली. बरेच दिवस गेले. उठून बसायला लागले, पेज प्यायला लागले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, फक्त मारुतीसमोरचं सोडून. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग किती भरलं?"

"नवावर थांबले तुमी."

"आन बाकीचं?"

"खळ्यावरच हाये."

"आन तू इथं बसून माहं तोंड पाहून राहिला? उंदरं काय वाट पाहतीन?"

पुढं काही वर्षांनी, एका पहाटे, ते झोपेतच गेले. काही न म्हणता.

त्यांना रामानं वाचवलं असं गावात अजून सांगतात आणि मीही मान डोलावतो. देव त्या दुपारी आमच्या घरात होता, याबद्दल मला शंका नाही. शंका माझी मला आहे. तो हात सरकला नसता तर मी ते पाणी पाजलं असतं, आणि बाबा रामनाम घेत गेले म्हणून चार लोकांत अभिमानानं सांगितलं असतं.

आता खळ्यावर काटा आला, पोती तोलूनच जातात. घरच्या तांदळापुरती पायली मी ठेवली आहे. पहिलं माप भरतो, राम म्हणतो, एकदाच. बायको म्हणते, "एवढी घाई काहून?" तोपर्यंत, पायली रिती व्हायच्या आतच, माझं 'दोन' म्हणून झालेलं असतं.