डोळे मिटून तपासलेला व्हिडिओ

बाजारात त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाणं कळतं म्हणून नव्हे. गाण्यातलं त्यांना फारसं काही कळत नसे. दुकानात रेडिओ येवो, पंखा येवो की मिक्सर, तो चालू करायचा, खुर्चीत मागे रेलायचं, डोळे मिटायचे आणि ऐकत राहायचं, अशी त्यांची पद्धत. मग डोळे न उघडताच सांगायचे, "बेअरिंग सुकलंय," नाहीतर "स्पीकरचा कागद एका बाजूने फाटलाय." दहात नऊ वेळा खरं निघे. तरी वस्तू परत देताना म्हणायचे, "चालली तर बघा, नाहीतर आणून द्या हो." इतक्या वर्षांत स्वतःच्या कामाबद्दल छातीठोक असं एक वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

दुकान खाली, घर वर. घरात आता दोनच माणसं, ते आणि त्यांच्या वहिनी. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनींना जन्मापासून ऐकू येत नसे. त्या ओठ वाचत आणि घोगऱ्या, जाड आवाजात बोलत. परक्याला ते कळत नसे, घरच्यांना कळे. दिवसभर शिवणयंत्रावर पडदे शिवायच्या. कुठे टाका सुटला तर यंत्राच्या थरथरीवरूनच त्यांना समजे.

वहिनींची एकुलती एक मुलगी मात्र आईशी हातांनीच बोले. मायलेकी जेवायच्या टेबलावर बोलायला बसल्या की वाट्या कलंडत. कानसेन समोर वर्तमानपत्र धरून बसत. इतक्या वर्षांत त्या हातांतल्या दहा-बारा खुणा त्यांनी उचलल्या होत्या, पुढे जायचा धीर केला नव्हता. चुकलो तर हसतील ही एक भीती. आणि आई-मुलीच्या बोलण्यात आपण कशाला नाक खुपसा, हा दुसरा संकोच.

काकांच्या दुकानात तारांना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला शिकलेली ही पुतणी पुढे मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन झाली. जाताना तिने आपला हातात धरून खेळायचा गेम आईसाठी ठेवला. त्याचा पडदा चांगला मोठा, आणि मागे पाय असल्यामुळे तो टेबलावर उभा राही. समोर व्हिडिओ, आणि वहिनींचे दोन्ही हात मोकळे. जहाज बंदराला लागलं की मुलगी व्हिडिओ पाठवी. वहिनी तो चार-चारदा बघत आणि जणू ती समोरच बसलीय असं समजून उत्तरंही देत.

त्या मंगळवारी आलेला व्हिडिओ मात्र धड चालेना. मुलीचे हात मध्येच थिजत, मग एकदम भलतीकडेच दिसत. वहिनींच्या हाती लागलं ते एवढंच, की मुलगी काहीतरी विचारते आहे, कारण भुवया वर होत्या. आणि शेवटची खूण, शनिवारपर्यंत सांग. काय विचारते आहे ते मधल्या उड्यांत गडप झालं होतं. मुलीला उलट विचारावं तर शनिवारी पुढचं बंदर येईपर्यंत जहाजावर निरोप पोचत नसे. वहिनींच्या जुन्या फोनवर तर तो व्हिडिओ उघडतच नव्हता.

"भावजी, मला शनिवारच्या आत बघायचाय," वहिनी गेम पुढ्यात ठेवत म्हणाल्या.

"बघतो. पण हे माझ्या कामातलं नाही हो."

"तुमच्या कामातलं काहीच नसतं. तरी दुरुस्त होतं."

कानसेननी आधी सोपं सोपं करून पाहिलं. गेम बंद करून पुन्हा चालू केला. बॅटरी कमी असली की यंत्र हात आखडतं, म्हणून चार्जर लावूनच चालवला. पाठीमागे हवा जायच्या जाळीत पडद्यांच्या कापडाचा भुसा अडकला होता, तो ब्रशने काढला. व्हिडिओ मेमरी कार्डावरून गेमच्या पोटात घेतला, न जाणो कार्डच सुस्त असेल. प्रत्येक वेळी फरक पडे तो नखाएवढा. जुने व्हिडिओ मात्र लोण्यासारखे चालत. म्हणजे यंत्र ठणठणीत. या नव्या व्हिडिओचंच काहीतरी वेगळं होतं. पुतणीने या खेपेला नवा फोन घेतला होता, आणि त्यावरचं चित्र फार बारीक, सेकंदाला दुप्पट चित्रं असलेलं. गेमला तो घास मोठा होत होता.

बुधवारी सेटिंगमध्ये खोल शिरल्यावर त्यांना एक ओळ सापडली. गरज पडल्यास चित्रं गाळा, अशा अर्थाची. त्यांनी ती चालू केली, खुर्चीत रेलले, डोळे मिटले. कालपर्यंत चरचरणारा आवाज सुतासारखा सरळ आला. इंजिनाची घरघर, वारा, पुतणीच्या बाहीची सळसळ, कुठे म्हणून खंड नाही. चार मिनिटं त्यांनी ते ऐकलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच जिना चढताना ओरडले, "वहिनी, झालं!"

जिन्यात ओरडून उपयोग नव्हता, हे वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

वहिनींनी अर्धं मिनिट बघितलं आणि टेबलावर मूठ आपटली. "हे काय केलंत? काल निदान थोडं दिसत होतं. आज पोरीचे हातच तोडलेत!"

"पण मी पूर्ण तपासला. एकदाही अडकला नाही."

"कुठे बघत होता?"

कानसेननी गेम उचलून बगलेत मारला. कुठेच बघत नव्हते, हे सांगायचं कसं?

गुरुवारी शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्या बाई डोकावल्या. बाईंची जीभ त्यांच्या काचांपेक्षा जास्त नंबरची. "काय कानसेन, तोंड का उतरलंय? कोणाचा रेडिओ गचकला?"

त्यांनी सगळं सांगितलं. बाई हसता हसता स्टुलावर बसल्या. "डोळे मिटून व्हिडिओ तपासणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. अहो, व्हिडिओ आहे तो! आणि बघणार कोण? तुमच्या वहिनी!"

"सवय हो. आवाज सलग असला की मला वाटतं, यंत्र बरं झालं."

"थांबा." बाईंनी आपल्या दुकानातून कापूस आणला, दोन बोळे वळले आणि ते हां-हां म्हणेपर्यंत त्यांच्या कानांत कोंबले. मग गेम समोर ठेवून, त्यांची हनुवटी धरून वर केली.

कानसेननी बघितलं. आवाज नव्हता. पुतणीचे हात छातीशी होते, आणि पुढच्या क्षणी कपाळाशी; मधला प्रवासच नव्हता. भिंतीकडे होते ते हवेत. काल डोळे मिटून ऐकताना या उड्या त्यांना जाणवल्याच नव्हत्या, कारण सलग घरघरीने त्या सारवून टाकल्या होत्या. त्यांना चोरट्यासारखं झालं. ज्यांच्या हातचं आपण रोज जेवतो त्यांच्या मुलीची अर्धी वाक्यं आपण गाळून टाकली, तीही आवाज चांगला यावा म्हणून. आणि तो आवाज त्या घरात फक्त आपल्याला ऐकू येतो!

बोळे तसेच ठेवून ते बसून राहिले. यंत्राला आवाज वेळेवर द्यायचा असतो, म्हणून ते आवाजामागे धावतं आणि चित्र मागे पडलं की मधलं टाकून पुढे उडी मारतं. मग धावायचं कारणच काढून घेतलं तर?

शुक्रवारी सकाळी त्यांनी ती गाळायची ओळ बंद केली. मग आवाज बंद केला. नुसता कमी नव्हे, आवाजाचा पट्टाच व्हिडिओपासून सोडवला. त्यांच्या लेखी मुकं यंत्र म्हणजे मेलेलं यंत्र, त्यामुळे बोट जरा घुटमळलं. पण चित्र चाललं. संथ, पाण्याखालून चालल्यासारखं, चार मिनिटांचा व्हिडिओ साडेपाच मिनिटांचा झाला. पण एकेक बोट उमटलं. या खेपेला त्यांनी डोळे फाडफाडून, पापणी लवली की पुन्हा मागे नेऊन, तीनदा बघितला. (व्हिडिओ मुळातच हलका करून घ्यायचा असतो, ही साधी गोष्ट त्यांना पुढे पुतणीनेच सांगितली.)

दुपारी वहिनी टेबलाशी बसल्या. कानसेन वर्तमानपत्राशिवाय बसले. थोड्या वेळाने वहिनी हसल्या, मग गंभीर झाल्या. पडद्यावर पुतणी आपल्या कानाची पाळी ओढत होती. एकदा, दोनदा, पुन्हा.

"तिचा कान दुखतोय का?" कानसेननी काळजीने विचारलं.

"ते तुम्ही."

"मी?"

"तुमचं नाव. दोन वर्षांची होती तेव्हापासून."

आपल्याला त्या हातांत नाव आहे, आणि समोरच्या खुर्चीत बसून आपण ते तीस वर्षं पेपराआड चुकवत आलो, हे पचवायला त्यांना जरा वेळ लागला. तोवर व्हिडिओ संपला होता आणि वहिनी पदराने डोळे टिपत होत्या.

"मला जहाजावर बोलावतेय. पंधरा दिवस. घरचं एक माणूस नेता येतं. उद्या कप्तानाला नाव द्यायचंय."

"मग? माझं काय म्हणत होती?"

"म्हणाली, काकांचं निमित्त काढू नकोस." वहिनी बोटाने टेबलावरची रेघ गिरवत राहिल्या. "काढणारच होते. तुम्हाला भात तरी लावता येतो का?"

खरं तर वहिनींनी जाऊ नये असं कानसेननाही वाटत होतं. पंधरा दिवस वर शिवणयंत्राची खडखड नाही. रिकामं घर कसं वाजतं ते त्यांना माहीत होतं. भाऊ गेला तेव्हा ऐकलं होतं. आत्ता एक उसासा टाकला असता तरी वहिनी गेल्या नसत्या.

"जा," ते पुटपुटले.

"काय? ओठ हलले नाहीत."

पुन्हा म्हणायला गेले तर ओठ ऐकेनात. मग त्यांनी हात वर केले. जवळच्या दहा-बारा खुणांतून हुडकून हुडकून त्यांनी जोडलं: चहा, येतो. पाणी, येतं. भात, आणि हात हलवून, बघू. पुरे. मग दाराची खूण, आणि वहिनींकडे बोट.

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. "भावजी! तुम्ही मला सांगितलंत, चहा-पाणी पुरे, घराबाहेर व्हा!"

"मला म्हणायचं होतं..."

"कळलं मला." उत्तराचा व्हिडिओ काढायला वहिनींनी आपला जुना फोन कानसेनच्या हातात दिला आणि भिंतीला पाठ लावून, पदर नीट करून उभ्या राहिल्या. "हात हलवू नका. आणि डोळे उघडे ठेवा."

त्यांनी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. वहिनींनी पहिलंच वाक्य केलं, छोटं, मोठ्या डौलात. ते काय होतं हे कोणी न सांगता कानसेनना कळलं. जाणार होत्या.