वळूच्या कानावर हात

आमच्या प्रयोगशाळेसाठी वळूचं वीर्य घ्यायला मी लोधिवलीला गेले, तेव्हा वळूचा मालक काम संपेपर्यंत पाठ फिरवून उभा होता. बाईमाणसानं असलं काम करावं याचीच त्याला लाज वाटत असावी. पण काम झाल्याबरोबर त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं वळूचं कपाळ पुसलं आणि ऐटीत म्हणाला, "असा वळू पंचक्रोशीत नाय, ताई. गायी गाभन ऱ्हात नाय, तो गायींचाच दोष हाय."

तपासणीत काय निघालं ते सांगायला पुन्हा गेले, तर तो वळूला घेऊनच गावाबाहेर भेटायला आला. मी म्हटलं, "शुक्रजंतू चांगले पळतायत. पण वीर्यातली काही प्रथिनं फार कमी आहेत. गायी राहत नाहीत त्या बहुतेक त्यामुळेच."

त्यानं चटकन वळूच्या कानावर तळहात ठेवला. "हळू बोला, ताई."

मला हसूच आलं. मग तो खाली बघत म्हणाला, "शेजारणीची गाय वांझ हाय म्हनून मीच सांगितलं. बाजारात इकायला हाकत पन मीच नेली. ती रडत व्हती, अन् मी तिला समजावत व्हतो."

माझं हसू तिथंच विरलं. मी उगाच पिशवीचा बंद ओढत राहिले.

तो निघाला. वळू सवयीनं गावातल्या वाटेला लागला. तिथं दारोदार त्याला भाकरी मिळते, त्या शेजारणीच्या दारातही. मालकानं कासरा खेचला आणि शेताच्या बांधावरून, लांबच्या वाटेनं त्याला घरी नेलं.