सीटपेक्षा उंच हँडल

सायकल क्लबच्या लोकांचा मला वीट आलाय. घट्ट चड्ड्या, काळे गॉगल आणि तोंडात सतत कुणाची सायकल किती हलकी. माझे बाबा, धर्मपाल, बँकेतून निवृत्त होऊन त्यांच्यात सामील झाले, तेव्हाच मी कपाळावर हात मारला होता.

बाबांना लांबच्या प्रवासाची सायकल घ्यायची होती. अट एकच, हँडल सीटपेक्षा उंच पाहिजे, कारण मानेचे मणके झिजलेले. अकोल्याच्या दुकानात त्यांनी तशी एक निवडली, बसूनही पाहिली. पाठ ताठ, हात सैल, चेहरा खुललेला. सोबत क्लबचा मनोज होता. तो म्हणाला, काका, ही तर दूधवाल्याची सायकल. दुकानदारही हसला. झालं, बाबांनी खाली वाकलेल्या हँडलची महागडी सायकल घेतली. मनोजची चीड आलीच, पण लोकांच्या हसण्याला भिऊन स्वतःची मान मोडून घेणाऱ्या माणसाचीही मला शिसारी आली. वडील असले म्हणून काय झालं.

पहिली सफर मूर्तिजापूरची ठरली. वाटेत मोठेबाबांच्या गावाचा फाटा लागतो. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, नत्थुजी. माझ्या भावाच्या लग्नापासून त्यांनी अबोला धरला होता, कारण बाबांनी पत्रिका मोबाइलवर पाठवली, स्वतः बोलवायला गेले नाहीत. आमच्याकडे सख्ख्या भावाला असं बोलावत नाहीत. आता तो अबोला संपवायचा म्हणून बाबांनी निरोप धाडला, रविवारी सायकलनं येतो, फाट्यावर भेटू. मोठेबाबा धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून चहाच्या टपरीपाशी उभे. माझा भाऊ येऊन राहिला, असं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलेलं.

क्लबवाले एकामागोमाग भरधाव आले. पुढच्याचं चाक सोडायचं नाही, असा मनोजचा हुकूम. बाबांची मान तोवर इतकी आखडली होती की डांबर आणि ते चाक एवढंच त्यांना दिसत होतं. मोठेबाबांनी हात वर केला, हाकही मारली. बाबा सगळ्यांसमोरून तसेच निघून गेले.

फाटा मागे पडल्याचं त्यांना मूर्तिजापुरात उतरल्यावर कळलं. तिथे मनोजनं फोटोसाठी सगळ्यांना रांगेत लावलं, आणि बाबा त्या रांगेत उभे राहिले.

मग ते एकटेच माघारी फिरले. फाट्यावर कुणी नव्हतं, म्हणून मोठेबाबांच्या घरी गेले. पुढचं मला मोठ्या आईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, पार्बताबाईंनी सांगितलं. तिनं बाबांना पाणी दिलं आणि हे शेतात गेले, असं खोटंच सांगितलं. आतल्या खोलीला आतून कडी होती. बाबा त्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

"भाऊ, हँडल खाली होतं, मान वर होत नव्हती. तू मले दिसलाच नाही."

मोठेबाबा कडी न काढता आतूनच बोलले.

"मी त तुले दुरूनच ओळखलं होतं."