भाऊबीजेचा फोटो

वसमतच्या कोर्टात बायकांच्या केसेस बहुतेक माझ्याकडेच येतात. मी फार हुशार आहे म्हणून नव्हे. त्यानं कुठं हात लावला, हे पुरुष वकिलाला सांगायची लाज वाटते म्हणून. त्यामुळे कुरुंद्याकडची एक मुलगी आईला घेऊन आली तेव्हा मला नवल वाटलं नाही. आरोपीचं नाव ऐकल्यावर मात्र मी पंखा बंद केला आणि तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

तो तालुक्यातला पुढारी. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. सगळे त्याला भाऊ म्हणतात, तेवढं पुरे. शाळा त्याची, कॉलेज त्याचं, गावोगावचे बचतगटही त्याच्या मेहरबानीवर. मुलगी त्याच्याच शाळेत कारकून. सुट्टीच्या दिवशी त्यानं तिला कागद घेऊन संस्थेच्या ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. ती कशीबशी सुटली आणि अनवाणी फाट्यापर्यंत पळत आली. कुंपणच शेत खायला लागल्यावर राखण कुणी करायची? पोलिसांनी आधी तिलाच चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. मी ठाण्यात जाऊन बसले तेव्हा कुठं विनयभंगाचा गुन्हा नोंदवला गेला.

त्यानं अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला. कोर्टानं पुढच्या तारखेपर्यंत अटकेपासून संरक्षण दिलं, पण अट घातली, की मुलीला भेटायचं नाही, तिच्या घराकडे फिरकायचं नाही. त्याच आठवड्यात त्याचा सत्कार झाला. ‘गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही,’ असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. हे वाक्य मीही माझ्या आरोपींसाठी कोर्टात म्हणते, आणि ते खरंच आहे. पण ते तुरुंगाच्या दारात म्हणायचं वाक्य आहे. सिद्ध होईपर्यंत माणसाला डांबू नये, हे मान्य. म्हणून त्याच्या गळ्यात हार घालावा असं कुठल्या कायद्यात आहे? आणि ज्या शाळेत तक्रार करणारी नोकरी करते, त्या शाळेच्या खुर्चीवरून त्यानं चार दिवस उठू नये? हे विचारलं तेव्हा बाररूममधले माझे वकील मित्र चहा पिता पिता हसले. ‘मॅडम, नैतिकतेवर युक्तिवाद करायला वरचं कोर्ट लागतं,’ असं एक जण म्हणाला.

मग दिवाळी आली. मुलीला वडील नाहीत, भाऊही नाही. आमच्याकडे भाऊ नसलेल्या पोरी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. तीही लहानपणापासून तेच करत आलेली. आदल्या दिवशी सरपंच तिच्या आईकडे गेला आणि म्हणाला, ‘‘भाऊ माफी मागायला येऊन राहिले. बहीण मानतो म्हणले.’’ आईनं मला फोन केला नाही. फोन करण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नाही. सकाळी तो दारात आला, हातात साडी, मागं चार माणसं. आईनं पाट मांडला. मुलगी उठेना, तेव्हा म्हणाली, ‘‘न्हाई ओवाळलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’’ मुलीनं कुंकू लावलं, ओवाळलं. चारांतल्या एकानं फोटो काढला.

तो फोटो फोनवरून गावभर फिरला, तेव्हा तिसऱ्या दिवशी हे मला कळलं आणि मी तिच्या आईवर ओरडले. अगदी तोंडाला येईल ते बोलले. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘वकीलबाई, तुमी काहून एवढ्या तापून राहिल्या? कुकू लावून घेतलं त्यानं. आता बांधला गेला तो. बहिणीकडं वाकडं बघंल का कुणी?’’ तिच्या लेखी तिनं पोरीभोवती भिंत बांधली होती. कोर्टाच्या कागदापेक्षा पक्की.

मी अर्ज दिला की आरोपीनं अट मोडली आहे, संरक्षण काढून घ्यावं. पुरावा तोच फोटो. त्यांच्या वकिलानंही तोच फोटो पुढं केला. ‘‘साहेब, विनयभंग झालेली बाई आरोपीला ओवाळते का? घरच्यांनी बोलावलं म्हणून आमचे अशील गेले.’’ एकाच फोटोवर आम्ही दोघं भांडत होतो. न्यायाधीशांनी तो बराच वेळ पाहिला. मुलगी मागच्या बाकावर आईशेजारी बसली होती. त्यांनी तिला पुढं बोलावलं.

‘‘हा फोटो तुमचाच आहे?’’

‘‘व्हय.’’

‘‘ओवाळायला कुणी जबरदस्ती केली होती का?’’

उत्तर मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. फक्त ते द्यायचं तर भर कोर्टात आईचं नाव घ्यावं लागणार होतं. पाटापाशी त्या माणसानं तिचा हात धरला नव्हता, सरपंचानंही नाही. तिनं मागं वळून आईकडे पाहिलं. आई पदर सावरून हसत होती, पोरगी मोठ्या साहेबासमोर धीटपणे उभी आहे म्हणून.

‘‘न्हाई,’’ मुलगी म्हणाली.

पुन्हा तिच्या घरी जाऊ नका, अशी तंबी देऊन साहेबांनी जामीन कायम केला. समोर आलेल्यावरच त्यांनी निकाल दिला, त्यांना दोष देता येत नाही. मी देते. दार लावून घेतलेल्या ऑफिसात आणि फुलं घातलेल्या पाटावर एकच माणूस बसला होता, एवढं त्यांना दिसायला हवं होतं.

बाहेर व्हरांड्यात त्याच्या माणसांनी पेढे वाटले. एकानं माझ्यापुढंही डबा धरला. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलगी पायऱ्यांवर बसली होती. केस अजून उभी राहायची आहे, साक्ष व्हायची आहे, तेव्हा सगळं सांगता येईल, असं मी तिला समजावत होते. ती म्हणाली, ‘‘तवाबी तेच इचारतील ना?’’ मी ‘हो’ म्हणाले.

आईला निकाल मी सोप्या शब्दांत सांगितला. फोटोमुळं त्याची अटक टळली, हे ऐकून तिचा चेहरा हळूहळू उतरला. मग तिनं मला अगदी खालच्या आवाजात विचारलं, ‘‘बहीण म्हणून ओवाळून घेतलं अन् तेच तिच्यावर उलटवलं. याला कायद्यात कलम न्हाई का, वकीलबाई?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

तिनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढं केला. मुलगी उठली आणि एकटीच स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.